वसईचा किल्ला आणि आमच्या दोन खोल्या

गिरगावकराच्या भूगोलात मुंबई चर्चगेटला सुरू होते आणि फार तर दादरला संपते. पुढे सगळं 'गाव'. त्यामुळे आमचा थोरला अण्णा वसईला राहायला गेला, तेव्हा चाळीने त्याचं नाव गावी गेलेल्यांच्या यादीत टाकून दिलं. 'किल्ला बघायला ये,' असं तो तीस वर्षं म्हणत होता आणि मीही तीस वर्षं 'येतो, येतो' म्हणत होतो. शेवटी परवा हिने हातात डबा ठेवला. म्हणाली, "अण्णांचे गुडघे दुखतात हल्ली. त्यांना चढता येतंय तोवर जाऊन या."

किल्ला म्हणजे चढण, अशी आमची समजूत. कॅनव्हासचे बूट, काठी, ग्लुकोजचा पुडा अशा जय्यत तयारीने मी विरार गाडीत बसलो. (बसलो म्हणजे उभा राहिलो.) पोचलो तर किल्ला भुईकोट! तळहातासारखा सपाट. अण्णा चपला घालून आला होता. माझ्या काठीकडे बघून तो काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

आत मात्र मी गप्प झालो. झाडांच्या मुळ्यांनी आवळलेल्या भिंती, छप्पर उडालेली भलीमोठी चर्चं, आणि खाली फरशीत थडग्यांचे दगड. अण्णाने सुरुवात केली, "1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने हुमायूनच्या धास्तीने वसई पोर्तुगीजांना दिली. मुंबईची बेटं तिच्याबरोबर गेली."

"बरोबर म्हणजे?"

"भाजीवर कोथिंबीर मिळते ना, तशी."

पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी वसई. बडे सरदार राहायचे ते इथे. आमचं गिरगाव तेव्हा नुसत्या वाड्या नि माड. 1661 च्या लग्नाच्या तहात राजकन्या कॅथरिनबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली आणि 1668 साली त्याने ती वर्षाला 10 पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. आमच्या चाळीचं पागडीचं भाडं याच धर्तीवर ठरलेलं असल्याने तेवढं मला खटकलं नाही. पण वसईला उपनगर म्हणून हिणवण्यात हयात घालवली आणि उपनगर निघालो आम्हीच!

"आणि चिमाजीअप्पा?" मी विषय आपल्या बाजूला आणला.

अण्णा तटाकडे वळला. साल 1739. सुरुंगांनी सॅन सेबॅस्टियन बुरूज उडवला, मराठ्यांची हजारो माणसं पडली, तेव्हा कुठे मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. (इथली एक घंटा नाशकात नारोशंकराच्या देवळात अजून आहे.)

"एवढी माणसं गमावली अप्पांनी. तरी हरलेल्यांना शस्त्रं, चीजवस्तू घेऊन वाजतगाजत जाऊ दिलं."

आम्ही एका पडक्या ओट्यावर टेकलो. थोड्या वेळाने तो सहज म्हणाला, "तुझं लग्न ठरलं, मी ट्रंक घेऊन निघालो. तू स्टेशनपर्यंतसुद्धा आला नाहीस रे."

खोल्या दोन होत्या आणि भाऊही दोन. जा, असं मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. राहा, असंही म्हटलं नव्हतं. आता चाळीच्या जागी टॉवर येणार आहे, आणि कागदावर नाव आहे माझं एकट्याचं.

मी खाली वाकून थडग्यावरची पोर्तुगीज अक्षरं वाचू लागलो. मला पोर्तुगीज येत नाही.

"ती काठी दे इकडे," गुडघा धरून उठत अण्णा म्हणाला, "आणि डब्यात काय आहे ते बघ. भूक लागलीय."