शाळेची जागा कागदावर कोणाची?

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी जुने लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मी मूळचा वालावलचा. तिथले लक्ष्मीनारायणाचे देऊळ, तळे आणि कर्ली नदी यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी शाळेच्या जागेवर लिहितो; कारण तो विषय गावाचाही आहे आणि आपल्या मुंबईचाही.

गावाकडे पूर्वी शाळा उभारायची रीत साधी होती. कुणी जमीन द्यायची, बाकीच्यांनी चिरे वाहायचे. देणाऱ्याचा शब्द पुरे. आमच्या वाडीतली शाळा आजोबांनी अशीच तोंडी दिलेल्या जागेत आहे. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. शाळेचा कारभार बदलत गेला, सातबारा मात्र आजोबांच्याच नावावर राहिला. कुणी विषय काढला की म्हातारी माणसे म्हणत, "जमीन गावची, ती खंय जातली?"

जमिनीला भाव नव्हता तोवर ते खरेही होते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. शाळांचे पट घटत गेले आणि जागांची विचारणा वाढली. आमच्या चुलतभावाकडेही गिऱ्हाईक आले. "पोरां चार, जागा एवढी!" हा त्याचा हिशेब. कायद्याने तो चूक नव्हता. स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत बक्षीसपत्राशिवाय होत नाही. शेवटी गणपतीत सगळे वारस जमले तेव्हा बोलणे झाले, आणि सर्वांनी सह्या करून बक्षीसपत्र जिल्हा परिषदेच्या नावे केले. चुलतभावाची सही सर्वांत शेवटी झाली, पण झाली.

मुंबईत याच्या उलट. इथे जागा मिळण्याआधी कागद तयार असतो. विकास आराखड्यात भूखंडावर 'शाळा' असे आरक्षण पडते आणि आपण निर्धास्त होतो. पण १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ वाचा. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण गळून पडते. मग तिथे शाळेऐवजी टॉवर उठला, तरी तक्रार कुणाकडे करणार?

लोक जागे असले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१५ चा मुंबईचा प्रारूप आराखडा नागरिकांनी नकाशे उघडून तपासला. चुका इतक्या निघाल्या, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला लावला. सुधारित आराखड्याला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली.

आता आपल्या सोसायटीतही पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे. कार्पेट एरिया आणि कॉर्पस यांवर सभा रंगतात; रंगू देत. पण घरे वाढली की मुलेही वाढणार, ती शिकणार कुठे? म्हणून समितीला विनंती आहे, की आजूबाजूच्या शाळांच्या भूखंडांचे डीपी रिमार्क काढून नोटीस बोर्डावर लावावेत. आणि ज्यांची गावी जागा आहे त्यांनी मे महिन्यात आंबे आणताना शाळेचा सातबाराही काढून आणावा.