तळटीप ७ : ‘शेपटीची पाती तपासली’

हेलिकॉप्टरच्या मुख्य पंख्याच्या प्रतिक्रियेने धड उलट दिशेला गरगरू नये म्हणून शेपटीवर छोटा पंखा असतो. ‘चेतक’मध्ये त्याला ३ पाती असतात. फिरताना पात्यावर लांबीच्या दिशेने प्रचंड ओढ बसते. त्यामुळे आडवा ओरखडा उभ्यापेक्षा कितीतरी घातक. तडा बहुधा अशाच जागी धरतो, आणि सुरुवातीला तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणून धातूच्या पात्याची संशयित जागा रंग काढून स्वच्छ करतात, तिथे लाल द्रव लावून मुरू देतात, पुसतात आणि पांढरी भुकटी फवारतात. तड्यात शिरलेला द्रव भुकटीवर लाल रेघ होऊन उमटतो. लेखकाने या कामाला एकच वाक्य दिले, ते फार अपुरे आहे. तडा सापडलेले पाते पुन्हा उडवत नाहीत. — संपादक