परदेशी पाहुणा मुक्कामाला? २४ तासांत भरा 'फॉर्म ३'

मुरबाड-शहापूरचं फार्महाऊस असो की डोंबिवलीतली भाड्याची खोली, परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांत 'फॉर्म ३' (पूर्वीचा 'सी फॉर्म') भरायचा असतो. हे काम पाहुण्याचं नाही, जागा देणाऱ्याचं. हॉटेल-लॉजच नव्हे, राहतं घरही यात येतं. पैसे घेतले नाहीत म्हणून सुटका नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला पुतण्या गणपतीला आला तरी कायद्याने तो परदेशीच. घरचाच पोरगा म्हणून इथंच बरेच जण चुकतात.

फॉर्म इंडियनएफआरआरओ डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी साईटवर भरतात, फी नाही. आधी जागेची नोंदणी करून लॉगिन घ्यावं लागतं. मग पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कुठून आला, पुढे कुठे जाणार ही माहिती टाकायची. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवरचंच हवं. पाहुणा गेला की जाण्याचीही नोंद करा.

१९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झालाय. नोंदीची सक्ती कायम आहे. भाडेकरूची पोलिसांना द्यायची माहिती वेगळी. अडचण आल्यास कल्याण-डोंबिवलीकरांनी ठाणे आयुक्तालयाच्या, मुरबाड-शहापूरकरांनी ठाणे ग्रामीणच्या जवळच्या पोलीस ठाण्यात विचारावं.