फतेह कदलची शाळा

इ. स. १८९१ च्या शरद्‌ऋतूंत एक तरुण पाद्री आपल्या नवविवाहित पत्नीसह काश्मीरकडे परतत होता. त्याच्या सामानांत मुंबईहून घेतलेला एक चामड्याचा चेंडू होता. मुंबईस त्या काळीं अशा वस्तूचें कोणास फारसें नवल वाटलें नसतें. पारशी खेळाडूंचा संघ १८८६ सालींच इंग्लंडास जाऊन क्रिकेट खेळून आला होता आणि हिंदु तरुणही चामड्याच्या चेंडूस सरावले होते. श्रीनगरांत मात्र त्याच चामड्यानें एका शाळेची झोप उडविली.

या पाद्र्याचें नांव सेसिल अर्ल टिंडल-बिस्को. जन्म १८६३ चा, शिक्षण केंब्रिजला. देहानें लहानखुरा, म्हणूनच १८८४ सालीं ऑक्सफर्डवर जय मिळविणाऱ्या केंब्रिजच्या नौकेचें सुकाणूं त्याच्या हातीं आलें होतें. वल्हवणारे आठ धिप्पाड गडी, आणि त्यांना आज्ञा देणारा त्यांच्यांत सर्वांत लहान असा हा. पुढें श्रीनगरांत सुमारे छपन्न वर्षें त्यांनीं शाळा चालविली, ती याच बेतानें चालविली असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

ते १८९० च्या डिसेंबरांत श्रीनगरास आले तेव्हां मिशनची शाळा नवी नव्हती. ती १८८० च्या सुमारास इस्पितळाच्या आवारांत सुरू झाली होती. शहरांत शाळा घालण्यास दरबारचा विरोध होता. १८८९ सालीं इंग्रज सरकारनें महाराजा प्रतापसिंहांचे अधिकार काढून घेऊन कारभार एका मंडळाकडे सोंपविला. त्यानंतरच शाळा झेलम नदीवरील फतेह कदल या पुलापाशीं, शहराच्या ऐन वस्तींत आली. कदल म्हणजे पूल. श्रीनगरच्या सात जुन्या पुलांपैकीं हा तिसरा.

शाळेंत सुमारे दोनशें विद्यार्थी होते, आणि त्यांत बहुतेक पंडितांचे मुलगे. काश्मिरी पंडितांचें पिढ्यान्‌पिढ्यांचें जीवन दरबारी लेखणीवर चाललेलें. पूर्वी फारसी, आतां इंग्रजी. भाषा बदलली तरी हेतु तोच, परीक्षा व्हावी आणि सरकारी जागा मिळावी. नव्या मुख्याध्यापकांच्या दृष्टीस पडले ते लांब फेरन घातलेले, आंत पोटाशीं निखाऱ्यांची कांगडी धरून बसलेले तरुण; कित्येकांस दाढ्या, कित्येकांचीं लग्नें झालेलीं. अंगमेहनत हें हलक्या लोकांचें काम, धांवणें हें अप्रतिष्ठेचें, आणि वल्हें हातीं धरणें म्हणजे तर हांजी नावाड्याच्या पंक्तीस जाऊन बसणें. घर पेटलें तर पाहावयास गर्दी जमे, विझवावयास कोणी पुढें होत नसे. ही हकीकत बिस्कोंनीं स्वतः लिहून ठेवली आहे, आणि ती वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवणें जरूर आहे. काश्मीरच्या लोकांविषयीं त्यांची लेखणी पुष्कळदां अनुदार, कधींकधीं उघड तुच्छतेची होते. शतकानुशतकें जुलमी कारभाराखालीं दबलेल्या माणसानें अंग चोरून राहणें हा त्याचा स्वभाव नव्हे, तें त्याचें संरक्षण असतें. याचा विचार त्यांच्या लिखाणांत दिसतो, पण रागाच्या मानानें तो थोडा.

तर तो चेंडू. वर्गांत तो दाखवितांच मुलांनीं पहिला प्रश्न केला कीं, याचा उपयोग काय? खेळण्याचा, असें उत्तर मिळालें. खेळल्यास पैसे मिळतील काय? नाहीं. मग आम्हीं खेळत नाहीं, हा निकाल झाला. पुढचा प्रश्न मात्र खरा महत्त्वाचा होता: हा कशाचा केला आहे? चामड्याचा, असें कळतांच पंडितांच्या मुलांनीं तो दूर न्यावयास सांगितला. त्यास स्पर्श करणें म्हणजे विटाळ. महाराष्ट्रांतील सोंवळ्याओंवळ्याच्या घरांतून वाढलेल्या वाचकांस या मुलांची अडचण निराळी समजावून सांगावयास नको.

बिस्कोंनीं वाद घातला नाहीं. खेळाडूंनीं कोठें उभें राहावयाचें तें फळ्यावर काढून दाखविलें, आणि दुपारीं साडेतीन वाजतां सर्वांनीं मैदानावर जावयाचें, असें सांगून टाकलें. मुलें वाटेंतून पळ काढतील हें ओळखून शिक्षकांच्या हातीं काठ्या दिल्या. हे शिक्षकही बहुतेक ब्राह्मणच. त्यांची त्या दिवशीं काय मनःस्थिति झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. मिरवणूक निघाली. पंडितांचे मुलगे पायांत खडावा, अंगांत फेरन, डोक्यास पागोटें अशा थाटांत मैदानाकडे हांकले जात आहेत हें पाहून रस्त्यांत बघ्यांची दाटी झाली. दोन्ही बाजू उभ्या राहिल्या, मध्यें चेंडू ठेवला, आणि कोणी पाय उचलीना. बिस्कोंनीं घड्याळ काढून पांच मिनिटांची मुदत दिली. ती संपली तरी सर्व स्तब्ध. तेव्हां काठ्या घेतलेले शिक्षक पुढें सरसावले, आणि एकाएकीं चेंडूस लाथ बसली. मग खडावा एकीकडे, पागोटीं दुसरीकडे, असा एकच गोंधळ माजला.

इतक्यांत उडालेला चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला. खेळ थांबला. लागल्याचें दुःख राहिलें बाजूस. चामडें ओठांस लागलें, आतां घरीं कसें जावें या भीतीनें तो मुलगा रडूं लागला आणि त्याचे सोबती हवालदिल होऊन भोंवतीं जमले. बिस्कोंनीं त्याला जवळच्या कालव्यावर नेऊन तोंड धुवावयास सांगितलें. पाण्यानें विटाळ जातो हें त्यांचेंच शास्त्र. मुलगा तोंड धुऊन आला, आणि खेळ पुन्हां सुरू झाला.

ही गोष्ट पुढें बिस्को मोठ्या रंगांत सांगत, आणि इंग्लंडांतील श्रोते हंसत. पण त्या मुलाच्या बाजूनें ती कोणी सांगितलेली नाहीं. घरीं गेल्यावर त्याचें स्वागत कसें झालें, त्याला प्रायश्चित्त घ्यावें लागलें काय, त्याच्या आईनें त्या रात्रीं त्याला ताटावर घेतलें कीं नाहीं, हें कोठेंच नमूद नाहीं. शाळाप्रमुखाच्या निश्चयाची किंमत कित्येकदां असा एखादा नांव नसलेला मुलगा देतो.

चेंडूपेक्षां पाण्याचें प्रकरण अधिक दिवस चाललें, आणि त्याचें समर्थन करणेंही अधिक सोपें आहे. श्रीनगर हें पाण्यावर वसलेलें शहर. झेलम, तिचे कालवे आणि दल सरोवर. असें असून भल्या घरच्या मुलांस पोहतां येत नसे, आणि दर वर्षी माणसें बुडून मरत. बिस्कोंनीं पोहणें सक्तीचें केलें. सक्ती कशी करावी हा प्रश्न होता. कारण मूल पाण्यांत उतरवावयास आईबापांची संमति नाहीं, आणि छडीनें कोणास पोहतां येत नाहीं. त्यांनीं पालकांच्या वर्मावर बोट ठेवलें. ठराविक वयापर्यंत मुलगा पोहण्याच्या परीक्षेंत उतरला नाहीं तर त्याची फी वाढे, आणि पुढेंही तो न शिकल्यास आणखी वाढे. जेथें पै-पैचा हिशोब होता तेथें ही मात्रा लागू पडली. पालकांनीं तक्रारी केल्या. नियम बदलला नाहीं. कालांतरानें दल सरोवर पोहून पार करणें हा शाळेचा वार्षिक सोहळा झाला, आणि बुडत्यास वर काढणाऱ्या मुलांचीं नांवें शाळेच्या दप्तरांत अभिमानानें नोंदलीं जाऊं लागलीं.

वल्हविण्यास विरोध झाला तो जातीच्या अभिमानापोटीं. पहिलीं पहिलीं मुलें नदींतून जातांना ओळखूं येऊं नये म्हणून तोंड झांकून घेत. पण शाळेचें बोधचिन्ह पुढें ठरलें तें याच वल्ह्यांचें: एकमेकांवर तिरपीं ठेवलेलीं दोन काश्मिरी वल्हीं, आणि सर्व गोष्टींत पुरुषार्थ दाखवा, अशा आशयाचें ब्रीदवाक्य. मिशनच्या इस्पितळांतून बरे होत आलेले रोगी याच होड्यांतून सरोवराच्या हवेवर नेले जात. हांजीचें काम ब्राह्मणाचा मुलगा रोग्यासाठीं, आणि तोही बहुधा मुसलमान रोग्यासाठीं, करूं लागला; येथें चेंडूच्या प्रसंगीं न दिसलेला अर्थ दिसूं लागतो.

१८९२ सालीं काश्मिरांत पटकीची मोठी सांथ आली. एकट्या श्रीनगरांत पांच हजारांहून अधिक माणसें दगावलीं. शहराच्या गल्ल्या आणि आंगणें घाणीनें भरलेलीं. पाणी त्याच नदीचें. अशा शहरांत बिस्कोंनीं विद्यार्थ्यांच्या हातीं फावडीं दिलीं, आणि स्वतःही एक उचललें. भंग्याचें काम आमच्या मुलांकडून करवितां, असा गवगवा होणें अपरिहार्यच होतें. पुढच्याच वर्षीं महापूर आला, शहरांतील पूल वाहून गेले. आगी तर लांकडी घरांच्या त्या शहरास नित्याच्याच; शाळेनें हातपंप ठेवला, आणि आग लागल्याची वर्दी येतांच वर्ग सोडून मुलें धांवूं लागलीं.

परंतु पालकांस सर्वांत झोंबलेला निर्णय वरवर पाहतां अगदीं निरुपद्रवी होता. तो गुण देण्याच्या पद्धतीविषयीं होता. बिस्कोंनीं एकूण गुणांचे तीन भाग केले: एक बुद्धीचा, एक शरीराचा, एक शीलाचा. शेवटच्या भागांत मुलाचें शिक्षकांशीं, सोबत्यांशीं आणि शहराशीं वर्तन कसें आहे हें पाहिलें जाई. म्हणजे इंग्रजी आणि गणितांत पहिला आलेला मुलगा जर पाण्यास भीत असेल आणि आगीच्या वेळीं घरीं बसत असेल तर तो शाळेंत पहिला येत नसे. ज्या बापानें मुलास शाळेंत घातलें तेंच मुळीं कचेरींतील जागेसाठीं, त्याला ही थट्टा वाटली. त्याचा राग अवाजवी म्हणतां येणार नाहीं. सरकारी जागेसाठीं अर्ज करतांना किती माणसें बुडतांना वांचविलीं हें कोणी विचारीत नसे; आणि पंडितांच्या गरीब घरांत ती जागा म्हणजे दहा माणसांचें अन्न होतें. ज्याच्या स्वतःच्या पोटाची तरतूद मिशनकडून होत होती त्यानें परीक्षेस कमी लेखणें सोपें, असें कोणी म्हटलें असतें तर त्यास उत्तर काय होतें? उत्तर एकच: परीक्षा त्यांनीं बंद केली नव्हती. मुलें परीक्षांस बसत, उतरत आणि नोकऱ्याही मिळवीत.

विरोधाला लौकरच दुसरें घर मिळालें. १९०५ सालीं ॲनी बेझंट यांच्या पुढाकारानें श्रीनगरांत हिंदु कॉलेज निघालें. तेंच पुढें दरबारच्या हातीं जाऊन श्रीप्रताप कॉलेज झालें. आपल्या धर्माची बूज राखणारें शिक्षण मिळत असतां पाद्र्याकडे कां जावें, हा विचार अनेकांनीं केला, आणि तो स्वाभाविक होता. अशा वेळीं एखाद्यानें सक्ती सैल केली असती. बिस्कोंनीं ती केली नाहीं.

आश्चर्य हें कीं त्यांच्यावर नाराज असलेल्यांत त्यांचें स्वतःचें मिशनही होतें. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीनें त्यांना पाठविलें तें खिस्ती धर्माच्या प्रसारासाठीं; आणि या शाळेंतून बाप्तिस्मा घेणारे विद्यार्थी जवळजवळ नव्हतेच. वर्गणीदारांनीं पैसे दिले ते होड्या आणि फावड्यांसाठीं काय, असा प्रश्न निघणारच. बिस्कोंचें म्हणणें असें होतें कीं, बायबल रोज शिकवावें, पण धर्माचा पुरावा कृतींत पाहावा. शेजाऱ्याचें घर विझविणारा ब्राह्मण आपल्याला पुरे. ज्या निर्णयावर पंडित भ्रष्टाकार म्हणून रागावले त्याच निर्णयावर मिशन धर्मकार्यांत कसूर म्हणून रुष्ट झालें. आपला शाळाप्रमुख नेमका कोणाचा, हें दोन्ही पक्षांस उमगेना.

मुलींच्या शाळेची कथा छोटी, पण बोलकी आहे. पहिल्या प्रयत्नांत बक्षिससमारंभास युरोपियन स्त्रिया आलेल्या पाहून कोणींतरी ओरड केली कीं मुलींना पळवावयास आलीं आहेत, आणि मुली खिडक्यांतून उड्या टाकून पळाल्या. येथें काठी चालणार नव्हती, आणि बिस्कोंनीं ती चालविलीही नाहीं, वाट पाहिली. १९१२ च्या सुमारास ती शाळा पुन्हां उभी राहिली, आणि १९२२ पासून मिस मॅलिन्सन यांनीं ती वाढविली. पुढें मुलीही पोहूं लागल्या. चेंडूच्या दिवशीं पांच मिनिटांहून अधिक धीर नसलेल्या माणसानें येथें वर्षानुवर्षें धीर धरला, हें त्यांच्या चरित्रांतील कमी सांगितलें जाणारें प्रकरण आहे.

काठीच्या जोरावर शिकविलेलें धैर्य टिकतें काय, हा प्रश्न त्यांच्या हयातींतही विचारला गेला. त्यांच्या मागें इंग्रज रेसिडेंटाचें वजन होतें. तें नसतें तर पहिल्याच आठवड्यांत शाळा ओस पडली असती. हें मान्य करूनही एक गोष्ट उरते. ज्या मुलांना १८९१ सालीं मैदानावर हांकलें, त्यांच्या मागून आलेल्यांना हांकावें लागलें नाहीं. खेळ, होड्या आणि सरोवराची पार हें आपलेंच आहे असें ते समजूं लागले, आणि त्यांतलेच कांहीं पुढें त्याच शाळेंत शिक्षक झाले. बिस्कोंच्या शिस्तीपैकीं किती राखावी आणि किती टाकावी हें पुढें त्यांनीं ठरविलें.

१९४७ च्या शरदांत, काश्मीरवर युद्धाचें सावट येत असतां, बिस्को श्रीनगर सोडून निघाले. वय चौऱ्यायशीं वर्षांचें झालें होतें. दक्षिण ऱ्होडेशियांत १९४९ च्या ऑगस्टांत त्यांचें निधन झालें. शाळेस पुढें त्यांचेंच नांव देण्यांत आलें. वल्ह्यांचें बोधचिन्ह तसेंच ठेविलें.