मापन मायक्रोफोन

मापन मायक्रोफोन हा ध्वनिदाबाच्या अचूक मापनासाठी वापरला जाणारा मायक्रोफोन आहे. प्रयोगशाळेतील पंखे, पंप व वातानुकूलन यंत्रे यांच्या आवाजाचा संवेदनशील उपकरणांवर होणारा परिणाम ओळखण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

निवड

या कामासाठी सहसा कंडेन्सर प्रकारचा, सर्व दिशांचा आवाज टिपणारा मायक्रोफोन निवडतात. अर्धा इंच व्यासाच्या मायक्रोफोनची संवेदनशीलता साधारणपणे ५० मिलिव्होल्ट प्रति पास्कल असते. पाव इंची मायक्रोफोन अधिक उच्च वारंवारता व मोठे आवाज मोजू शकतो; मात्र त्याचा स्वतःचा गोंगाट जास्त असल्याने शांत खोलीसाठी तो फारसा उपयुक्त नसतो. २० हर्ट्झखालील अवश्राव्य ध्वनीसाठी विशेष मायक्रोफोन लागतो. मापनापूर्वी १००० हर्ट्झच्या ९४ डेसिबल, म्हणजे सुमारे १ पास्कल दाबाच्या, प्रमाणित ध्वनीने अंशशोधन करतात.

गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांतील उपयोग

अमेरिकेतील लायगो वेधशाळांमध्ये भूकंपमापक व चुंबकमापकांसोबत मायक्रोफोनही बसवलेले आहेत. मायक्रोफोन व मुख्य शोधक यांत एकाच वेळी खूण उमटल्यास ती लहर नसून स्थानिक आवाज असण्याची शक्यता तपासली जाते. २०१७ मध्ये हॅनफर्ड येथील नोंदींत आढळलेला असा अडथळा, नळीवरील बर्फ टोचणाऱ्या डोमकावळ्यांमुळे निर्माण झाल्याचे मायक्रोफोनच्या साहाय्याने उघड झाले.

महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा नियोजित आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.