तिळगुळाचा गोडवा आणि दुधाचे दात

संक्रांतीच्या दिवशी शेजारच्या चार घरी तिळगूळ वाटून परतलेल्या मुलाच्या मुठीत हलवा असतो आणि गालात तिळाची वडी. शाळेत तेच, संध्याकाळी आईबरोबर हळदीकुंकवाला गेले की पुन्हा तेच. हा क्रम रथसप्तमीपर्यंत चालतो. याच दिवसांत लहानग्यांचे बोरन्हाण होते आणि ओघळलेला हलवा, बोरे, चुरमुरे, उसाचे करवे वेचायला इमारतीतली सगळी बालसेना जमते. एकेक खाऊ इतका लहान असतो, की ‘एवढ्याशाने काय होणार’ असे मोठ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. दातांच्या बाबतीत मात्र खाऊ किती खाल्ला यापेक्षा तो किती वेळा खाल्ला, याला अधिक महत्त्व असते.

दातांवर साचणाऱ्या चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जीवाणू असतात. साखर मिळताच काही मिनिटांत ते आम्ल तयार करतात. दाताच्या पृष्ठभागावरचा पीएच साधारण ५.५च्या खाली गेला, की इनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. पुढे लाळ हे आम्ल शमवते आणि गेलेली खनिजे काही अंशी परत आणून देते. त्यासाठी अर्धा ते एक तास लागतो. मुलाने चार वड्या एका बैठकीत खाल्ल्या तर हे चक्र एकदा फिरते. त्याच चार वड्या दोन-दोन तासांनी खाल्ल्या तर चार वेळा. खिशातला हलवा दिवसभर एकेक करून चघळणाऱ्या मुलाच्या दातांना सावरायला उसंतच मिळत नाही. त्यातही हलवा म्हणजे तिळावर पाकाची पुटे चढवलेली जवळजवळ निव्वळ साखर, आणि ती तोंडात घोळवूनच खायची. वडी तर दाढांच्या खाचांत चिकटून बसते.

या गोष्टीचा जुना पुरावा स्वीडनमधला आहे. लुंडजवळच्या व्हिपेहोल्म येथील मतिमंदांसाठीच्या संस्थेत १९४५पासून काही वर्षे रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन त्यांचे दात तपासण्यात आले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मधे दिलेल्या चिकट टॉफीने मात्र ती झपाट्याने वाढली. रुग्णांची संमती न घेता झालेला हा प्रयोग आज निषेधार्हच मानला जातो. त्याचा निष्कर्ष दंतवैद्यकाने स्वीकारला आहे.

साखरेऐवजी गूळ असल्याने तिळगूळ निर्धोक, हा समजही खरा नाही. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते आणि जीवाणूंना दोन्ही सारखेच. तिळातले कॅल्शियम पोषक आहे, पण ते खाल्ल्याने दातावर बसलेली आम्लाची झळ भरून निघत नाही.

‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ या विचाराची किंमत मुलाला मोजावी लागते. या वीस दातांचे इनॅमल पातळ असते, त्यामुळे कीड लवकर आत शिरते. ठणका, सूज, जेवणाची टाळाटाळ, रात्रीची मोडलेली झोप हे सारे त्यामागून येते. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या आधीच काढाव्या लागल्या तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमच्या दातांची रांग बिघडते. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ तर कायमची असते. कोणताही दात न पडता ती उगवत असल्याने पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात.

यासाठी सण आटोपता घेण्याचे कारण नाही. दारोदार मिळालेला तिळगूळ एका डब्यात जमा करावा आणि जेवणानंतर लगेच द्यावा. त्या वेळी लाळही भरपूर सुटलेली असते. नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लावावी. गूळपोळी जेवणातच खाल्ली जाते, ही तिची जमेची बाजू. रात्री दात घासल्यावर मात्र काहीही गोड देऊ नये, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते.

दात सकाळी व रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने घासावेत. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड अधिक आहे. तेथील पालकांनी पेस्टबाबत दंतवैद्यांना विचारावे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना स्वतः नीट घासता येत नाही, त्यामुळे निदान रात्रीचा ब्रश मोठ्यांनी हाती घ्यावा. त्याच वेळी ओठ वर उचलून हिरडीलगत पाहावे. तेथे खडूसारखे पांढरे डाग दिसले तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर दंतवैद्यांकडे नेल्यास फ्लोराइडच्या लेपाने ती बहुधा थांबवता येते, दात कोरावा लागत नाही.