शोधनिबंधाची छाननी आणि फाइलवरचा आकडा

फाइलवरील टिपणात एखाद्या नामांकित नियतकालिकातला आकडा उद्धृत केला की त्यावर सहसा शेरा येत नाही. त्याची छाननी आधीच झाली असणार, असे आपण सारेच गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे.

१६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले. काय छापायचे हे मुख्यतः तेच ठरवीत. १७५२ मध्ये हे काम समितीकडे गेले. बाहेरच्या तज्ज्ञांच्या अभिप्रायाची प्रथा, म्हणजे आजचा पिअर रिव्ह्यू, सर्वत्र रुळायला विसावे शतक उजाडले. 'नेचर'ने तर तो १९७३ मध्ये सक्तीचा केला. मात्र असा तज्ज्ञ पद्धत व निष्कर्षांची संगती पाहतो. मूळ आकडेमोड सहसा पुन्हा करीत नाही.

माझ्या विषयातले, अर्थशास्त्रातले, उदाहरण बोलके आहे. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा निबंध 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'च्या मे अंकात आला. त्या काळी हा अंक जानेवारीतल्या वार्षिक अधिवेशनातील निबंधांचा असे आणि त्यांना नेहमीची छाननी लागत नसे. निष्कर्ष असा, की सरकारी कर्ज सकल उत्पादनाच्या ९० टक्क्यांपुढे गेलेल्या प्रगत देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होते. युरोप कर्जसंकटात होता. खर्चकपातीच्या पुरस्कर्त्यांनी हा आकडा उचलून धरला.

एप्रिल २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने, मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन या प्राध्यापकांसह, मूळ तक्ता तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरीच्या सूत्रातून पाच देश गळले होते, काही वर्षांची माहिती वगळली होती आणि देशांना दिलेला भारही वादग्रस्त होता. त्यांच्या हिशेबाने वाढ २.२ टक्के निघाली. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, इतर आक्षेप नाकारले. कर्ज आणि वाढ यांच्या संबंधावरचा वाद त्याने मिटला नाही. पण मधल्या तीन वर्षांत त्या आकड्याचा आधार देऊन कपातीचे समर्थन झाले होते.

एक गोष्ट नोंदवायला हवी. लेखकांनी मागितल्यावर तक्ता दिला, म्हणून चूक सापडली. खरी छाननी बहुधा प्रकाशनानंतरच होते, तीही मूळ माहिती खुली असेल तर.

म्हणून मला वाटते, टिपणात आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात: छाननी झाली का, मूळ माहिती उपलब्ध आहे का, आणि दुसऱ्या कोणी ती पडताळली आहे का. निर्णय कितीही तातडीचा असला तरी एवढे विचारणे हे अधिकाऱ्याचे कामच आहे.